पंचांगावरचा अनुस्वार: जुन्या मॅन्युअल मॅक्रो लेन्सची तुलना घरच्या घरी

पंचांगाच्या पानावरचा अनुस्वार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. नुसत्या डोळ्यांना तो काळा गोल ठिपका वाटतो. चांगल्या मॅक्रो लेन्समधून, म्हणजे अगदी जवळून बारीक वस्तू टिपणाऱ्या लेन्समधून, बघितलं की कळतं, तो गोल नाहीच. कागदाच्या तंतूंना धरून शाई एका अंगाला पसरलेली असते, मधे कुठेतरी एक पांढरं रंध्र राहून गेलेलं असतं. लेन्स बदलली की कधी कधी ते रंध्र नाहीसं होतं आणि अनुस्वार पुन्हा नुसता ठिपका होतो. हातात दोन-तीन जुन्या लेन्स आल्या आणि कुठली ठेवावी असा प्रश्न पडला, की मी हे पान काढतो.

या निवडीला एक जुना आधारही आहे. निकॉनची पहिली मायक्रो-निक्कोर १९५६ साली आली, ती फुलं-किडे टिपायला नव्हे, तर जपानी कागदपत्रांची मायक्रोफिल्म करायला. कांजी अक्षरांत रेघांची इतकी दाटी असते की रोमन लिपीला पुरणारी लेन्स तिथे कमी पडत होती. आपली जोडाक्षरं, वेलांट्या, रफार आणि त्यावरचा अनुस्वार हा तसाच लेन्सचा कस लावणारा मजकूर आहे. विकतचा टेस्ट चार्ट नसला तरी काही अडत नाही.

कुठल्या लेन्स घ्यायच्या

३५ मिमी फिल्मच्या एसएलआरसाठीची (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यासाठीची) पहिली मॅक्रो लेन्स म्हणजे १९५५ ची ४० मिमी माक्रो-किलार. त्यानंतर साठ ते ऐंशीच्या दशकांत जवळजवळ प्रत्येक कंपनीने एक तरी चांगली मॅक्रो लेन्स बनवली. नवख्या माणसाने दोन गटांतली एकेक मिळवावी. एक ५० ते ५५ मिमीची आणि एक ९० ते १०५ मिमीची.

पहिल्या गटात माझ्याकडे दोन आहेत, निकॉनची मायक्रो-निक्कोर ५५ मिमी एफ/३.५ आणि ऑलिम्पसची झुइको ५० मिमी एफ/३.५. (एफचा आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या लहान-मोठं होणाऱ्या छिद्राचा. आकडा लहान तितकं छिद्र मोठं.) निक्कोरची पुढची काच नळीत इतकी खोल बसवलेली आहे की वेगळं हुड (आडवा उजेड अडवणारी नळी) लागत नाही. झुइको फक्त २०० ग्रॅमची, आणि जवळ फोकस करताना आतल्या काचांमधलं अंतर आपोआप बदलतं, त्यामुळे जवळच्या अंतरावरही चित्र बिघडत नाही. दुसऱ्या गटात टॅमरॉन एसपी ९० मिमी एफ/२.५. हिचा माउंट (कॅमेऱ्याला जोडणारा मागचा भाग) सुटा निघतो आणि दुसऱ्या कंपनीचा बसवता येतो, ही जुन्या अ‍ॅडॅप्टॉल-२ पद्धतीची मोठी सोय. या तिन्ही लेन्स स्वतःच्या बळावर १:२ पर्यंत जातात, म्हणजे वस्तू सेन्सरवर प्रत्यक्षाच्या निम्म्या आकाराची उमटते.

१:१ हवं असेल तर लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे पोकळ रिंग घालावी लागते. किती जाडीची, याचा हिशोब सोपा आहे. जितकी पट (१:२ म्हणजे अर्धी, १:१ म्हणजे एक) वाढवायची तिला फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सच्या मिमीच्या आकड्याने, गुणायचं. ५५ मिमीची लेन्स १:२ वरून १:१ वर न्यायची तर ५५ चं अर्धं, म्हणजे २७.५ मिमी. निकॉनची पीके-१३ रिंग बरोब्बर तेवढीच आहे.

साधी ५० मिमी एफ/१.८ आणि स्वस्तातली रिंग असेल तर तीही तुलनेत घ्या. चौकटीचे कोपरे बघेपर्यंत मॅक्रो लेन्सचं मोल कळत नाही, आणि ते कळायला ही साधी लेन्सच उपयोगी पडते.

घेण्याआधी टॉर्च

मुंबईत बोरा बाजारात घ्या, ऑनलाइन मागवा किंवा ओळखीच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून आणा, लेन्स हाताळायला मिळाली की आधी टॉर्च काढायचा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून मागच्या बाजूने तिरका उजेड टाका आणि पुढून बघा. धुळीचे कण दिसतीलच, ते सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी. सगळ्या काचेवर एकसारखं धुकं दिसलं तर ते त्याहून वाईट, कारण धुक्याने कॉन्ट्रास्ट मरतो आणि ते फोटोत सगळीकडे पसरतं. काठाला साबणाच्या फुग्यासारखी रंगीत झाक दिसली तर दोन काचा जोडणारा गोंद सुटतोय. अशी लेन्स घेऊ नका, ती दुरुस्त करणारा माणूस मिळणं कठीण.

मग अ‍ॅपर्चरची पाती. लेन्सच्या मागची तरफ बोटाने हलवून सोडा. पाती टचकन परत यायला हवीत. ५५ मिमी एफ/२.८ मायक्रो-निक्कोर ऑप्टिकली फार चांगली, पण तिच्या फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस जुनं झालं की तेल पात्यांवर उतरतं आणि पाती चिकटतात, हे तिचं नेहमीचं दुखणं आहे. अडॅप्टरवर (दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला लेन्स जोडणाऱ्या कडीवर) वापरताना आपण पाती आधीच मिटवून फोटो काढतो, त्यामुळे थोडा आळस चालून जातो. डीएसएलआरवर मात्र नाही चालत.

एका विक्रेत्याने मला ‘काच स्वच्छ’ म्हणून पाठवलेली लेन्स आतल्या काचेवर बुरशी घेऊन आली होती. फोटोत ती काच पुढून, सरळ उजेडात दाखवली होती. तेव्हापासून मी विक्रेत्याकडे मागून तिरका उजेड टाकलेला एक फोटो मागतो. जो देत नाही त्याच्याकडून घेत नाही.

कॅमेऱ्यावर चढवणं

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, असेल तर हा भाग पाच मिनिटांचा. प्रत्येक माउंटचं सेन्सरपासूनचं अंतर ठरलेलं असतं. निकॉन एफ ४६.५ मिमी, ऑलिम्पस ओएम ४६, कॅनन ईएफ ४४, जुना कॅनन एफडी ४२. मिररलेसचे आकडे बरेच लहान आहेत, सोनी ई १८, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०. लेन्सचा आकडा कॅमेऱ्याच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर उरलेल्या जागेत साधा, बिनकाचेचा अडॅप्टर बसतो. म्हणून मिररलेसवर यातली कुठलीही लेन्स चालते. कॅनन ईएफ डीएसएलआरवर निकॉनची आणि ओएमची चालते, एफडीची मात्र बिनकाचेच्या अडॅप्टरने लांबचं फोकस करत नाही. काच असलेला अडॅप्टर तुलनेत वापरू नका, नाहीतर तुम्ही लेन्स नव्हे, अडॅप्टर तपासत बसाल.

निकॉन डीएसएलआरवाल्यांनी एक जपावं. १९७७ च्या एआय पद्धतीच्या (लेन्सने बॉडीला अ‍ॅपर्चर कळवण्याच्या निकॉनच्या पद्धतीच्या) आधीच्या, बदल न केलेल्या लेन्स बऱ्याच बॉडींवर चढवताना माउंटजवळचा छोटा खटका मोडू शकतो. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांना तो खटका नाही, पण तिथे उजेडाचं मोजमाप मिळत नाही.

कॅमेऱ्यात ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय चालू करा, नाहीतर बटण दाबूनही काही होणार नाही. नव्या माणसाला अडॅप्टर खराब आहे असं वाटतं ते बहुतेक वेळा यामुळेच.

पट सारखी, मगच तुलना

पहिल्यांदा तुलना केली तेव्हा मी ५५ च्या निक्कोरला रिंग लावली होती आणि टॅमरॉन तशीच वापरली. दोन्हीवर एफ/११ ठेवलं. निक्कोरचे फोटो मऊ आले, आणि मी तो माझा पहिला नग विकून टाकला. चूक लेन्सची नव्हती. जवळ जाताना लेन्स सेन्सरपासून लांब सरकते आणि अ‍ॅपर्चर प्रत्यक्षात लहान होत जातं. लेन्सच्या अ‍ॅपर्चर-रिंगवर लिहिलेल्या आकड्याला (१ + पट) ने गुणलं की खरा आकडा मिळतो. १:२ वर एफ/११ म्हणजे साधारण एफ/१६. १:१ वर तेच एफ/११ म्हणजे एफ/२२, आणि तिथे प्रकाश पसरून कुठलीही लेन्स मऊ दिसते. मी दोन लेन्सची नव्हे, दोन वेगळ्या परिस्थितींची तुलना केली होती. आता वापरतो ती निक्कोर नंतर पुन्हा शोधून घेतली.

म्हणून पट आधी ठरवा. नवख्यांनी १:२ घ्यावी, सगळ्या लेन्सना ती जमते. लेन्सवरच्या खुणेवर विसंबू नका, स्टीलची फूटपट्टी ठेवून मोजा. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, म्हणून चौकटीच्या रुंदीत पट्टीचे ७२ मिमी दिसले की बरोबर १:२. सोनी, निकॉन किंवा फुजीचा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ मिमीचा, तिथे ४७ मिमी दिसायला हवेत. फोकसची रिंग एकदा त्या जागी आली की तिला हात लावायचा नाही. यापुढे फोकस करायचा तो सगळा कॅमेरा पुढे-मागे सरकवून.

जुन्या निक्कोरचा एक खास सापळा आहे. साठच्या दशकातली ऑटो ५५ एफ/३.५ फोकस जवळ आणू तसं अ‍ॅपर्चर स्वतःच थोडं उघडत जाते, म्हणजे एक्स्पोजर तेच राहावं. फिल्मच्या काळात ही सोय होती. आता तीमुळे रिंगवर एफ/८ लिहिलं असलं तरी जवळून ते तितकं लहान राहत नाही. ही लेन्स एखादा स्टॉप (उजेडाची एक पायरी) जास्त शार्प किंवा जास्त उजळ वाटली तर त्यामागे हे कारण असू शकतं.

मांडणी

आता मुख्य काम, आणि इथे घाई करायची नाही.

कॅमेरा खाली तोंड करून पक्का बसायला हवा. ट्रायपॉडचा मधला खांब उलटा करून चालतो. त्याहून चांगला म्हणजे डार्करूमच्या एन्लार्जरचा (फिल्मवरून कागदावर फोटो मोठा करणाऱ्या यंत्राचा) खांब. डोकं काढून तिथे कॅमेरा बसवला की सरळ वर-खाली सरकणारा स्टँड तयार. जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर असे खांब अजून धूळ खात पडलेले असतात, विचारा.

पंचांगाचं पान काचेखाली दाबून सपाट करा. पण कॅमेरा त्या पानाला अगदी समांतर आहे हे कसं कळणार? पाण्याचा लेव्हल पुरत नाही. पानावर मध्यभागी छोटा आरसा उताणा ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, बघा. आरशात लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, मधोमध एक काळं छिद्र. ते चौकटीच्या अगदी मध्यावर येईपर्यंत कॅमेरा कलवत राहा. आलं की सेन्सर आणि पान समांतर झाले. फुल फ्रेमवर १:२ आणि एफ/८ ला फोकसची खोली जेमतेम ३ मिमी असते, १:१ ला तर १ मिमी. थोडं कललं तरी एक कोपरा हातचा जातो आणि दोष लेन्सवर येतो. लेन्स बदलली की आरसा पुन्हा ठेवायचा. कंटाळा येतो, पण या एका पायरीने माझ्या तुलना जितक्या सुधारल्या तितक्या दुसऱ्या कशाने नाही.

उजेड दोन्ही बाजूंनी सारखा, साधारण ४५ अंशांतून. पावसाळ्यात खिडकीचा उजेड घेऊ नका, ढग सरकला की सगळं बदलतं. एलईडी दिवे आणि इलेक्ट्रॉनिक शटर एकत्र आले की फोटोत पट्टे पडू शकतात. पट्टे दिसले तर यांत्रिक शटर आणि दोन सेकंदांचा टायमर वापरा, किंवा फक्त पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवा. आयएसओ १००, रॉ फाइल, व्हाइट बॅलन्स हाताने ठरवलेला, स्टॅबिलायझर बंद.

फोटो काढणं

पूर्ण उघडं अ‍ॅपर्चर, मग एफ/४, ५.६, ८, ११, १६. प्रत्येक ठिकाणी लाइव्ह व्ह्यू जास्तीत जास्त मोठा करून फोकस बघा, आणि तो त्याच अ‍ॅपर्चरवर बघा. काही लेन्समध्ये अ‍ॅपर्चर मिटवताना फोकसची जागा किंचित सरकते, उघड्यावर धरलेला फोकस तिथे फसवतो. पीकिंगच्या (फोकसमधला भाग रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या) रंगीत कडांवर या कामात भरवसा ठेवू नका, त्या ‘जवळपास बरोबर’ लाही लागतात.

प्रत्येक अ‍ॅपर्चरला पाच फोटो काढा, दर वेळी फोकस मोडून पुन्हा धरून. त्यातला सगळ्यात चांगला ठेवायचा. एकच फोटो काढला तर तुम्ही त्या दिवशीचा तुमचा हात तपासता.

जुनी लेन्स कॅमेऱ्याला अ‍ॅपर्चर सांगत नाही, फाइलमध्ये काहीच नोंद नसते. म्हणून चौकटीच्या एका कडेला पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी ठेवा, ‘झुइको, ५.६’. रात्री शंभर फाइली समोर असताना तिचं महत्त्व कळतं. उजेड कमी-जास्त वाटला तर शटरचा वेग बदलून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) जुळवा, अ‍ॅपर्चरला हात लावू नका.

काय बघायचं

संगणकावर शार्पनिंग शून्य करा, लेन्स करेक्शन बंद करा, आणि दोन फोटो शंभर टक्के आकारात शेजारी-शेजारी लावा. आधी मध्यातला एक अनुस्वार, मग चारही कोपऱ्यांतले.

माझ्या पानावर निक्कोर आणि झुइकोच्या मध्यात एफ/५.६ पासून एफ/८ पर्यंत मला फरक सांगता येत नाही. दोन्हींत शाईचं ते पांढरं रंध्र स्वच्छ दिसतं. टॅमरॉन एफ/२.५ ला किंचित मऊ, अक्षरांच्या कडांवर पातळसा उजेड, एफ/५.६ ला तीही इतरांच्या बरोबरीला येते. एफ/१६ ला तिघीही सारख्याच मऊ. साध्या ५० एफ/१.८ चा मध्य रिंगसह चांगला येतो, कोपऱ्यांत मात्र अनुस्वार धूमकेतूसारखे शेपूट काढतात. सपाट पान काठापर्यंत सपाट ठेवणं, यासाठीच मॅक्रो लेन्स बनते.

तुमच्या नगांचे निकाल वेगळे येतील. चाळीस-पन्नास वर्षांची लेन्स कुणी उघडली, कुणी पाडली, कशी ठेवली यावर बरंच ठरतं. एका कोपऱ्यात सतत खराबी दिसली तर लेन्स आणि कॅमेरा तसाच ठेवून पान १८० अंश फिरवा. खराबी चौकटीच्या त्याच कोपऱ्यात राहिली तर दोष लेन्समध्ये, अडॅप्टरमध्ये किंवा कलण्यात आहे. पानाबरोबर फिरली तर पानच वर आलंय.

अजून एक तपासणी फिल्मवाल्यांना माहीत नव्हती. सेन्सर फिल्मपेक्षा चकचकीत असतो. त्याच्यावरून परतलेला उजेड मागच्या काचेवर आपटून पुन्हा सेन्सरवर येतो आणि काही लेन्समध्ये लहान अ‍ॅपर्चरला चौकटीच्या मधोमध फिकट गोल डाग पडतो. काळ्या कापडाचा फोटो एफ/११ आणि एफ/१६ ला काढा आणि एक्स्पोजर वाढवून बघा. डाग पडत असेल तर ती लेन्स किड्या-फुलांना चालेल, कागदपत्रांना नाही.

मग बाहेर पडा

टेबलावर सारख्या ठरलेल्या लेन्स बाहेर सारख्या राहत नाहीत. माझी कसोटी सप्टेंबरात कासच्या पठारावर होते, दवबिंदूवर. हे कीटकभक्षी रोपटं इतकं लहान, की शेजारून जाणाऱ्याला तांबूस गवत वाटावं. पानांवर केसासारखे तंतू आणि प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब. ५५ मिमीने १:२ वर जायचं तर लेन्सचं तोंड त्याच्यापासून दहा-बारा सेंटिमीटरवर येतं. तुमची सावली पडते, आणि गुडघा टेकायला जागा शोधावी तर दुसरी रोपटी चिरडतात. ९० मिमीला त्याच पटीसाठी वीसेक सेंटिमीटर मिळतात. वाटेवरच बसून, पठारावर पाय न ठेवता फोटो होतो. तिथे मला हा फरक अनुस्वारातल्या रंध्राहून मोठा वाटतो. वाटेवरून पोहोचत नसेल तर त्या रोपट्याचा फोटो सोडून द्यावा.

थेंबांवर लेन्सचा स्वभावही दिसतो. फोकसबाहेरचा प्रत्येक थेंब अ‍ॅपर्चरचा आकार घेतो. सहा पात्यांच्या निक्कोरमध्ये एफ/५.६ ला षटकोन दिसतात. काहींना ते आवडतात, मला थेंब गोल हवा असतो, म्हणून मी तिथे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडतो आणि फोकसमध्ये येईल तेवढाच एक तंतू निवडतो. सूर्य समोर घेऊनही एक फोटो काढा. खोल बसलेल्या काचेमुळे निक्कोर तिथे काळा रंग काळा ठेवते.

वाऱ्यात फोकसची रिंग फिरवू नका. पट ठरवून ठेवा, श्वास धरून पुढे-मागे डोला आणि तंतू स्वच्छ दिसला की बटण दाबा. दहातले दोन फोटो लागतात.

घरी आल्यावर लेन्स लगेच पिशवीत बंद करायची नाही. रात्रभर पंख्याखाली, मग झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसह. आत एक छोटा हायग्रोमीटर ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर दर आठवड्याला तो बघा. जेलचे रंग बदलणारे दाणे फिके पडले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून, पूर्ण गार झाल्यावरच परत डब्यात घाला. तवा स्वयंपाकाचा घेऊ नका.